परतीच्या पेट्रोलचा हिशेब

मोटार घेताना आपण एक प्रश्न हमखास विचारतो: ॲव्हरेज किती देते? उत्तर ठरलेलं असतं. लिटरला अठरा, वीस, फार तर बावीस किलोमीटर. शहरात थोडं कमी, हायवेला थोडं जास्त. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर हौशी मासेमारीसाठी मोटारबोट घेणारा माणूसही हाच प्रश्न विचारतो, पण त्याला मिळणारं उत्तर ऐकून मोटारवाला दचकेल. मागे ३०० अश्वशक्तीचं इंजिन टांगलेली २४ फुटी बोट भरधाव जात असताना लिटरमागे जेमतेम एक किलोमीटर कापते, पुष्कळदा तेवढंही नाही.

आकड्याहून मोठा फरक पुढेच आहे. रस्त्यात पेट्रोल संपलं तर गाडी कडेला घेता येते. समुद्रात कड नाही. इंजिन थांबलं की वारा आणि प्रवाह बोटीचा ताबा घेतात. खोल पाण्यात नांगर तळाला पोचत नाही. जिवाला धोका नसेल तर अमेरिकेचं तटरक्षक दल अशी बोट स्वतः ओढून आणण्याऐवजी बहुधा खासगी सेवेवर सोपवतं आणि तोवर बोट मैलोन्‌मैल वाहून गेलेली असते. म्हणून बोटीच्या इंधनाचा अंदाज आधी सुरक्षिततेसाठी करायचा, खिशासाठी नंतर. हा अंदाज घरी टेबलावर, कागद-पेन्सिल घेऊन बराचसा बांधता येतो. तो कसा, ते एका खऱ्या वाटेवर पाहू.

मायामी ते बिमिनी

बहामा बेटांच्या अगदी पश्चिम टोकाला बिमिनी आहे. मायामीहून ते सुमारे ८० किलोमीटरवर. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, त्या मापाने आपण हे अंतर ४५ सागरी मैल धरू. ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे १९३५ पासून काही उन्हाळे इथे ट्यूना आणि मार्लिनच्या मागे आला आणि त्यानंतर हे छोटं बेट जगभरच्या गळवाल्यांच्या नकाशावर कायमचं बसलं. त्याच्या ३८ फुटी ‘पिलार’ बोटीत दोन इंजिनं होती: प्रवासासाठी ७५ अश्वशक्तीचं आणि संथ चालीत गळ ओढत फिरण्यासाठी ४० अश्वशक्तीचं वेगळं. प्रवासाची भूक निराळी आणि मासेमारीची निराळी, हे त्या रचनेतच मान्य केलेलं होतं. आपल्यालाही हिशेब तसाच दोन भागांत करायचा आहे.

आपली बोट आजच्या सर्वसाधारण बोटींसारखी: २४ फूट लांब, मधोमध सुकाणूचा चौथरा, मागे ३०० अश्वशक्तीचं चार-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड. माणसं, बर्फ, आमिष, गळ आणि पेट्रोल धरून वजन ६,००० पौंड, म्हणजे सुमारे २,७०० किलो.

आधी तास, मग मैल

मोटारीचा हिशेब किलोमीटरने होतो, बोटीचा तासाने. बोटीचं इंजिन बंदराबाहेर पडल्यापासून जवळजवळ सतत ओढ घेत असतं, उतार नाही की गाडी नुसती सोडून द्यायची सोय नाही. म्हणून पहिला प्रश्न: तासाला किती लिटर?

त्याचं उत्तर इंजिन त्या क्षणी किती शक्ती देतंय यावर अवलंबून आहे. धडधाकट पेट्रोल इंजिन एका अश्वशक्तीसाठी तासाला साधारण अर्धा पौंड, म्हणजे २२७ ग्रॅम पेट्रोल जाळतं. लिटरभर पेट्रोलचं वजन सुमारे ७३० ग्रॅम. भागाकार केला की एका अश्वशक्तीमागे ताशी ०.३१ लिटर निघतं. डिझेल इंजिनाला एवढ्याच कामासाठी ०.२१ लिटरच्या आसपास लागतं, कारण ते इंधनातली उष्णता अधिक चांगली वापरतं आणि डिझेल मुळात जडही असतं. ०.३१ हा आकडा लक्षात ठेवावा. या प्रकरणातलं जवळजवळ सगळं गणित त्यावर उभं आहे.

पूर्ण वेगात आपलं इंजिन ३०० अश्वशक्ती देईल तेव्हा ते ताशी ९३ लिटर, म्हणजे २५ अमेरिकन गॅलनच्या आतबाहेर पिईल. जुने फ्लोरिडाकर याहून सोपा नियम वापरत: अश्वशक्तीचा दहावा भाग, तेवढे गॅलन ताशी. त्याप्रमाणे ३० गॅलन येतात. हा नियम त्यांच्या काळातल्या इंजिनांना बरोबर लागू पडत होता. ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये मिलवॉकीत आपलं आउटबोर्ड बाजारात आणलं तेव्हापासून अनेक दशकं या इंजिनांवर दोन-स्ट्रोक पद्धतीचं राज्य होतं. त्यात जळका धूर बाहेर ढकलण्याचं काम नवं पेट्रोल-हवेचं मिश्रणच करतं आणि ते करताना त्यातलं काही न जळताच निसटतं. हे निसटणं चौथाईच्या घरातही जाऊ शकतं. १९९६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आउटबोर्डच्या धुरावर मर्यादा घातल्या, त्या पुढच्या दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू झाल्या आणि कार्ब्युरेटरवाली दोन-स्ट्रोक इंजिनं मागे पडली. पाण्यावरचा तेलाचा तवंग कमी झाला आणि बोटवाल्याचा खर्चही. जुनं इंजिन असेल तर आजही दहाव्या भागाचाच नियम धरावा.

पाणी किती शक्ती मागतं

पण कोणी दिवसभर पूर्ण वेगात जात नाही. मग आरामाच्या चालीत इंजिन नेमकी किती शक्ती देतं?

या प्रश्नाचा पाया इंग्लंडच्या विल्यम फ्रूडने घातला. १८६० च्या दशकात त्याने ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ नावाच्या छोट्या प्रतिकृती पाण्यातून ओढून त्यांना होणारा विरोध मोजला आणि पुढे टॉर्की इथे त्यासाठी लांब हौद बांधून घेतला. १८७२ पासून तिथे प्रयोग सुरू झाले. त्याच्या कामातून एक गोष्ट पक्की झाली: चालती नाव स्वतःच लाटा उठवते आणि तिची बरीचशी शक्ती त्या लाटा उठवण्यात जाते. नावेचा वेग वाढतो तशी ही लाट लांबत जाते. लाटेची लांबी नावेच्या पाण्यातल्या लांबीएवढी झाली की नाव स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात अडकते. हा वेग काढायचा तर पाण्यातल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ घेऊन त्याला १.३४ ने गुणायचं. आपल्या बोटीची पाण्यातली लांबी २० फूट धरली तर उत्तर ६ नॉट येतं.

या वेगाच्या आत बोट फार थोड्यावर भागवते. पाच नॉटला तासाला सहा-सात लिटर पुरतात, म्हणजे लिटरमागे सुमारे पाऊण सागरी मैल. सहाच्या पुढे रेटलं की बोटीचं नाक वर उचलतं, मागचा भाग खाली बसतो, इंजिन ओरडतं आणि वेग मात्र फारसा वाढत नाही. दहा नॉटच्या आसपास ती लिटरमागे ०.४ सागरी मैलांवर येते. आणखी जोर दिला की बोट ती चढण ओलांडते, पाण्यावर उचलली जाते आणि सरकू लागते. यालाच प्लेनिंग म्हणतात. इथे लिटरमागचं अंतर पुन्हा सुधारतं, एका विशिष्ट चालीला सर्वांत चांगलं होतं आणि पूर्ण वेगाकडे जाताना पुन्हा ढासळतं. म्हणून मोठ्या आउटबोर्डच्या बोटीसाठी दहा-बारा नॉट ही सर्वांत वाईट चाल. एक तर सहाच्या आत राहावं, नाहीतर पूर्णपणे वर उचलून जावं.

उचलल्यानंतरच्या शक्तीसाठी जॉर्ज क्राउचचं सूत्र कामी येतं. हा आराखडाकार अमेरिकी शर्यतींच्या जगात मानाचा होता. १९२४ आणि १९२५ चा गोल्ड कप जिंकणारी ‘बेबी बूटलेगर’ त्याचीच. त्याच्या सूत्राप्रमाणे लागणारी अश्वशक्ती अशी: हव्या असलेल्या नॉटमधल्या वेगाला एका स्थिरांकाने भागा, आलेल्या संख्येचा वर्ग करा आणि बोटीच्या पौंडातल्या वजनाने गुणा. साध्या बोटींना स्थिरांक १५०, हलक्या चपळ बोटींना १९० च्या आसपास. लादलेल्या मासेमारी बोटीसाठी १५० घेतलेलाच बरा, अंदाज चुकलाच तर आपल्या भल्यासाठी चुकेल.

चाल २५ नॉट ठरवू. २५ भागिले १५० म्हणजे एक षष्ठांश, त्याचा वर्ग एक छत्तिसांश. ६,००० चा छत्तिसावा भाग १६७. म्हणजे ३०० मधली १६७ अश्वशक्ती पुरेशी. तिला ०.३१ ने गुणलं की ताशी ५२ लिटर. तासाला २५ सागरी मैल आणि ५२ लिटर, म्हणजे सागरी मैलामागे दोन लिटरहून किंचित जास्त. अमेरिकन मापात गॅलनला सुमारे दोन मैल पडतात. या आकाराच्या बोटींचे मालक चालीतला खर्च विचारल्यावर बहुधा ‘दोनच्या आसपास’ असंच सांगतात, म्हणजे कागद पाण्यापासून फार दूर नाही.

हेच सूत्र पूर्ण वेगाला ३३.५ नॉट देतं. तिथे ताशी ९३ लिटर, म्हणजे सागरी मैलामागे २.८ लिटर. बिमिनीपर्यंत जायला २५ नॉटच्या तुलनेत अठ्ठावीस मिनिटं वाचतील आणि एकतीस लिटर जास्त जळतील. सूत्रात वजन सरळ गुणाकारात बसलेलं आहे, हेही ध्यानात घ्यावं. वजन दहा टक्के वाढलं तर त्याच चालीला शक्ती आणि पेट्रोलही दहा टक्के वाढतं. दोन पाहुणे, जादा बर्फाची पेटी आणि गरज नसताना वाहिलेलं पाणी यांचं मोल असं निघतं.

वाहत्या नदीला ओलांडताना

मायामी आणि बिमिनीमध्ये गल्फ स्ट्रीम वाहतो. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून सेकंदाला सुमारे तीन कोटी घनमीटर पाणी उत्तरेकडे नेणारा हा उष्ण प्रवाह आहे. त्याचा पहिला छापील नकाशा बेंजामिन फ्रँकलिनने काढवला. तेव्हा वसाहतींचं टपालखातं त्याच्या हाताखाली होतं आणि इंग्लंडहून येणारी टपालजहाजं व्यापारी जहाजांपेक्षा कितीतरी दिवस उशिरा का पोचतात, हा प्रश्न त्याच्यासमोर आला होता. त्याचा नातलग टिमथी फोल्जर हा नँटकेटचा दर्यावर्दी. व्हेल मारणाऱ्या जहाजांना हा प्रवाह चांगला ठाऊक आहे आणि टपालजहाजं त्याच्या तोंडावरच चालत राहतात, हे त्याने दाखवून दिलं. १७६९-७० च्या सुमारास तो नकाशा लंडनमध्ये छापला गेला.

आपण प्रवाहाचा वेग ३ नॉट धरू. पूर्वेला जायचं तर बोटीचं नाक थोडं दक्षिणेला रोखावं लागतं, नाहीतर प्रवाह तिला बिमिनीच्या उत्तरेला नेऊन सोडेल. २५ नॉटच्या बोटीला जेमतेम सात अंश तिरकं धरावं लागतं आणि पूर्वेकडचा वेग २४.८ नॉट उरतो. प्रवास एक तास एकोणपन्नास मिनिटांचा, पेट्रोल ९४ लिटर.

आता काटकसर म्हणून ६ नॉटने निघालो तर? या चालीला ताशी दहा लिटर लागतात. स्थिर पाण्यात साडेसात तासांत ७५ लिटरमध्ये काम झालं असतं. पण सहा नॉटच्या बोटीला तीन नॉटचा प्रवाह तोलण्यासाठी तीस अंश तिरकं चालावं लागतं आणि पूर्वेकडचा वेग ५.२ नॉटवर येतो. पावणेनऊ तास आणि ८७ लिटर. सात लिटर वाचवण्यासाठी सात तास उघड्या समुद्रात जास्त काढायचे! हळू गेलं की पेट्रोल वाचतं हा नियम खाडीत आणि सरोवरात चोख आहे, वेगवान प्रवाहात तो लंगडा पडतो. वारा उत्तरेचा असेल तर प्रवाहाला आडवा येऊन तो इतक्या उभ्या लाटा उठवतो की २५ नॉटची चालच राखता येत नाही. तेव्हा सगळे आकडे बाजूला ठेवून धक्क्यावरच थांबावं.

टाकीत बसतं का?

आता पूर्ण दिवस मांडू. जाणं-येणं १८८ लिटर. माहीमाही, वाहू किंवा आपल्या सुरमईच्या कुळातला किंगफिश यांच्यासाठी पाच तास गळ ओढत फिरणं, ताशी दहा लिटरने ५० लिटर. शिवाय एक खर्च नवखे लोक विसरतात. गळ पाण्यात असतानाही प्रवाह बोटीला वाहून नेत असतो. पाच तासांत ती पंधरा सागरी मैल उत्तरेला गेलेली असू शकते. ते अंतर प्रवाहाविरुद्ध भरून काढताना जमिनीच्या हिशेबाने वेग २२ नॉटच उरतो आणि ३५ लिटर जातात. बेरीज २७३ लिटर.

अमेरिकी बोटवाल्यांचा जुना नियम तृतीयांशाचा आहे: एक भाग जायला, एक यायला, एक राखीव. म्हणजे २७३ लिटरच्या फेरीसाठी ४१० लिटर जवळ हवेत. आपली टाकी १०० गॅलनची, म्हणजे ३७८ लिटरची समजा. तिच्या तळाचं पेट्रोल बोट हेलकावत असताना नळीत नीट येत नाही, म्हणून दहा टक्के वगळायचे. उरले ३४०. फेरी ‘होते’, पण राखीव तिसरा भाग उरत नाही.

उपाय हातात आहेत. गळ ओढताना बराच वेळ प्रवाहाकडे तोंड ठेवलं तर बोट फार वाहत नाही आणि ते ३५ लिटर वाचतात. पाचाऐवजी साडेतीन तास फिरायचं ठरवलं की एकूण खर्च २२३ लिटर, राखीवासह ३३५. आता हिशेब टाकीत बसला. नाहीतर बिमिनीला कस्टमचे सोपस्कार करून पेट्रोल भरायचं. निर्णय कुठलाही घ्या, पण तो मायामीच्या धक्क्यावर घ्यायचा असतो.

कागद सुधारायचा कसा

इथवरचा अंदाज सर्वसाधारण बोटीचा झाला. तुमच्या बोटीचा आकडा तुमच्याच मोजणीतून येतो. इंजिन कंपन्या वेगवेगळ्या बोटींवर चाचण्या घेऊन फेऱ्यांनुसार वेग आणि ताशी इंधनाचे तक्ते प्रसिद्ध करतात. सुरुवातीला ते उत्तम, पण त्यातली बोट बहुधा नवी, हलकी आणि शांत पाण्यातली असते. त्यात वजनाची आणि लाटांची भर आपणच घालावी.

आजच्या इंजिनांवर ताशी इंधन दाखवणारं मीटर असतं आणि जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग दाखवतं. शांत दिवशी पाचशे-पाचशे फेऱ्यांच्या टप्प्याने दोन्ही आकडे वहीत उतरवा. प्रत्येक टप्पा एकदा प्रवाहाबरोबर आणि एकदा उलट चालवून दोन्ही वेगांची सरासरी घ्या, म्हणजे प्रवाह हिशेबातून वजा होतो. वेगाला ताशी लिटरने भागलं की आपल्या बोटीची सर्वांत चांगली चाल डोळ्यांसमोर येते. मीटरवरही आंधळा विश्वास नको. टाकी काठोकाठ भरा, फेरी करा, पुन्हा काठोकाठ भरा आणि पंपावरचा आकडा मीटरशी ताडून पाहा. काट्याच्या गेजवर तर मुळीच विसंबू नये. बऱ्याच बोटींच्या टाक्या तळाच्या आकाराला जुळणाऱ्या, खाली निमुळत्या असतात, त्यामुळे काटा अर्ध्यावर आला तेव्हा अर्ध्याहून कमी पेट्रोल उरलेलं असतं.

बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याची, म्हणजे प्रॉपेलरची परीक्षाही गणिताने होते. पंखा घट्ट पदार्थात फिरला असता तर एका फेऱ्यात जितके इंच पुढे गेला असता, ते त्याचं पिच. इंजिनाच्या फेऱ्यांना गिअरच्या गुणोत्तराने भागा, पिचने गुणा, १,२१५ ने भागा: कल्पनेतला वेग नॉटमध्ये मिळतो. ४,००० फेरे, १.७५ गिअर आणि १५ इंच पिच म्हणजे २८.२ नॉट. प्रत्यक्षात २५ भरले तर घसर, म्हणजे कल्पनेतल्या वेगातली तूट, अकरा टक्के, प्रकृती ठीक. हीच घसर पुढच्या महिन्यात वीसवर गेली तर पंख्याचं पातं वाकलं आहे, तळाला शेवाळ आणि कालवं चढली आहेत किंवा बोट गरजेपेक्षा जड झाली आहे. पेट्रोलचा वाढलेला खर्च ही अशी पहिली तक्रार असते, ती ऐकली तर मोठा बिघाड टळतो.

कोकणातल्या मच्छीमाराला यातलं बरंच अनुभवाने ठाऊक आहे. त्याच्यासाठी डिझेल हा धंद्यातला फार मोठा खर्च आहे, म्हणूनच राज्य सरकार यांत्रिक नौकांच्या डिझेलवरच्या कराचा परतावा देतं. त्याची नौका पाण्यावर उचलली जाणारी नाही, ती पाणी कापत जाते. तिथे इंजिनाकडून मागितली जाणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी कमी केला तर ताशी खर्च सुमारे २७ टक्क्यांनी आणि मैलामागचा १९ टक्क्यांनी उतरतो. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१२ मध्ये छोट्या मासेमारी नौकांच्या इंधन बचतीवर ओयविंद गुलब्रँडसेन यांची पुस्तिका काढली, तिचाही भर याच उपायावर आहे: वेग थोडा कमी करा. हौशी गळवाल्याची बोट आणि पोटासाठी जाणाऱ्याची नौका, दोघींना पाण्याचे नियम सारखेच, फक्त आपली नौका त्यातल्या कुठल्या टप्प्यावर चालते हे ओळखायचं.

सारांश असा, की मायलेज बोटीला चिकटलेलं नसतं, ते त्या दिवसाच्या फेरीचं असतं. वजन, चाल, वारा, प्रवाह आणि तळाची स्वच्छता मिळून ते ठरवतात. म्हणून निघण्यापूर्वी दहा मिनिटं बसून फेरी कागदावर मांडा: तास, ताशी लिटर, प्रवाह, राखीव तिसरा भाग. कुठे जातोय, कधी परतणार आणि किती पेट्रोल घेतलंय, हे किनाऱ्यावरच्या एका भरवशाच्या माणसाला सांगून ठेवा. आणि दोन भाग संपत आले की मासे कितीही लागत असोत, बोट घराकडे वळवा.